रोडगा ते केक : मारेगाव परिसरातील सकस घरगुती स्वयंपाक

यवतमाळ जिल्ह्यात वणी आणि पांढरकवडा यांच्या दरम्यान मारेगाव हे तालुक्याचे गाव वसले आहे. काळ्या मातीचा हा पट्टा कपाशी, तूर आणि सोयाबीनसाठी ओळखला जातो. गावोगावच्या शेतकरी कुटुंबांबरोबरच गोंड आणि कोलाम समाजाची वस्तीही या भागात मोठी आहे. कोलामांच्या वस्तीला ‘पोड’ म्हणतात. अशा भागात सकस स्वयंपाकाचा विचार केला, तर तो महागड्या धान्यांपाशी किंवा विजेच्या ओव्हनपाशी सुरू होत नाही. शेतातला कोणता माल घरात राहतो, कोणता बाजारात जातो आणि शिजलेले अन्न कोणाच्या ताटात किती पडते, या तीन प्रश्नांपाशी तो सुरू होतो.

जुन्या ताटाची घडण

ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा हे वऱ्हाडाचे आणि यवतमाळ भागाचे जुने रोजचे जेवण. हिवाळ्यात ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी, सोलेवांगे, हुरडा आणि डाळ वाटून वाफवलेले फुणके व कढी यांची त्यात भर पडे. रानालगतच्या वस्त्यांमध्ये मोहफुले आणि रानभाज्या असत.

या ताटाचे गुण मोजून दाखवता येतात. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि सुमारे १० ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात प्रथिने सुमारे ८ ग्रॅम असली, तरी तंतुमय पदार्थ ३ ग्रॅमच्या आतच राहतात. लोहही ज्वारीच्या मानाने बरेच कमी असते. मात्र कोंड्यासह दळलेली गव्हाची कणीक या बाबतीत ज्वारीच्या मागे नाही. त्यामुळे ‘ज्वारी चांगली, गहू वाईट’ अशी सरळ विभागणी करता येत नाही. खरे अंतर अख्खे धान्य आणि कोंडा काढलेले धान्य यांच्यात आहे.

जवसाचे महत्त्व निराळे आहे. त्याच्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा ओमेगा-३ गटातील अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो, आणि शाकाहारात ते सहजी मिळत नाही. जवस अख्खे खाल्ले तर बरेचसे न पचताच शरीराबाहेर जाते. म्हणून ते भाजून कुटण्याची घरची रीत योग्यच आहे. कुटलेले जवस लवकर खवट होते. त्यामुळे चटणी आठ-दहा दिवस पुरेल एवढीच करून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवणे चांगले.

ताट बदलले कसे

विदर्भात १९९० नंतर सोयाबीनचा पेरा वाढत गेला आणि खरिपाची ज्वारी मागे पडली. ज्वारीला भाव कमी, कापणी-मळणीचे कष्ट अधिक, त्यात पाखरे, रानडुक्कर आणि रोही यांचा उपद्रव. शेतकऱ्याने हिशेब करून घेतलेला हा निर्णय होता; पण त्याचे पडसाद चुलीपर्यंत पोहोचले. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याअभावी गुरे सांभाळणे कठीण झाले, आणि गुरे घटली तसे घरचे दूध, ताक व गोवऱ्याही घटल्या.

दुसरीकडे स्वस्त धान्याच्या दुकानातील गहू आणि तांदूळ यांनी उपासमारीपासून मोठे संरक्षण दिले. २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटातील कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३पासून ते मोफत आहे. कायद्यात भरड धान्याचाही समावेश आहे. व्यवहारात मात्र गहू-तांदळाचाच भरणा अधिक राहिला. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा शहरी दुकानांत ज्वारीची बिस्किटे आकर्षक वेष्टनात झळकली. ज्वारी पिकवणाऱ्या मुलखातील घरात मात्र भाकरी अनेकदा सणावाराची किंवा आजीच्या पथ्याची बाब होऊन बसली होती.

भट्टीविना भाजणे : रोडगे

भाजणे म्हणजे कोरड्या उष्णतेवर पदार्थ शिजवणे. ही कला या भागाला केकमुळे कळलेली नाही. विदर्भातील रोडगे हे तिचे उत्तम उदाहरण होय. जाडसर दळलेल्या कणकेत मीठ, ओवा आणि थोडे तेल घालून ती घट्ट मळतात. पाऱ्या लाटून, त्यांना तेलाचा हात लावून, एकात एक गुंडाळत गोळा करतात आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात. राख झटकून रोडगा फोडला की आतले पदर सुटतात. सोबत वरण, वांग्याची भाजी आणि वरून तूप. शेतात किंवा देवळाच्या आवारात रोडग्यांची पंगत बसते, तेव्हा भाजण्याचे काम बहुधा पुरुषांकडे असते, ही बाबही लक्षात घेण्यासारखी आहे.

तळण नसल्यामुळे रोडगा मुळात कमी तेलाचा पदार्थ आहे. जडपणा येतो तो वरून ओतलेल्या तुपाने. घरी ओव्हन असल्यास १८० अंश सेल्सिअसवर ३० ते ४० मिनिटांत, मध्ये एकदा उलटून, रोडगे भाजले जातात. ओव्हन नसल्यास आधी १५ मिनिटे वाफवून मग जाड बुडाच्या झाकलेल्या कढईत मंद आचेवर खरपूस करता येतात. निखाऱ्याचा वास त्यात येत नाही; पण बंद स्वयंपाकघरातील गोवऱ्यांचा धूर डोळ्यांना आणि फुप्फुसांना घातक असल्याने घराच्या आत हाच मार्ग बरा. २०१६मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर गॅसची शेगडी अनेक ग्रामीण घरांत पोहोचली असून असे प्रयोग तिच्यावर सहज होतात.

केक आणि नानकटाई

वाढदिवसाला केक हवाच, ही अपेक्षा आता तालुक्याच्या गावांतही रुळली आहे. मुलाचा हट्ट मोडण्यापेक्षा केक घरी करणे अधिक सोयीचे. त्यासाठी पिठाचा स्वभाव जाणून घ्यावा लागतो. गव्हाच्या पिठात पाण्याने मळल्यावर ग्लुटेनची जाळी तयार होते आणि ती हवा धरून ठेवते. ज्वारीत ग्लुटेन नसते. म्हणून भाकरीसाठी पीठ उकळत्या पाण्यात भिजवावे लागते. त्यातील पिष्ट चिकट होऊन भाकरीला बांधून ठेवते. हाच नियम केकला लागू आहे. पूर्ण ज्वारीचा केक भुसभुशीत होऊन मोडतो. दोन भाग कणीक आणि एक भाग ज्वारीचे पीठ घेतल्यास तो नीट फुगतो. नानकटाईला जाळीची गरज नसते, तेथे ज्वारीचे प्रमाण निम्म्यावर नेता येते.

वनस्पती तुपाऐवजी घरचे लोणी किंवा तेल मोजून वापरावे. अन्नपदार्थांतील ट्रान्स मेदावर भारतात जानेवारी २०२२पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे; तरीही वनस्पती तुपातील संपृक्त मेद उरतोच. पाककृतीतील साखर एक-चतुर्थांशाने कमी केली तरी चव फारशी बदलत नाही. पिकलेले केळे कुस्करून घातल्यास आणखी कमी करता येते. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून केक पथ्याचा होत नाही. गुळातही उष्मांक जवळपास तेवढेच असतात आणि मधुमेही व्यक्तीच्या रक्तातील साखर तोही वाढवतो.

किराण्याच्या यादीत आरोग्य

रोज ताटातील ग्रॅम मोजणे कोणत्याही घराला जमणारे नाही. महिन्याची किराणा यादी मात्र प्रत्येक घरी असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये २,००० उष्मांकांच्या दैनंदिन आहारासाठी सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये आणि ४०० ग्रॅम भाज्या असे प्रमाण सुचवले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे आणि वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी.

चार प्रौढांच्या घराला याचा हिशेब असा पडतो : तेल आणि तूप मिळून महिन्याला सव्वातीन किलो, मीठ ६०० ग्रॅम, साखर व गूळ मिळून जास्तीत जास्त ३ किलो. बिस्किटे, फरसाण, लोणची आणि पापड यांतील तेल, मीठ व साखर याच मर्यादेत धरायची असते. महिनाअखेरीस यादी तपासली की घर कुठे आहे, हे आपोआप कळते.

डाळींचा हिशेब मात्र उलट दिशेचा आहे. याच घराला वर्षाला सर्व डाळी-कडधान्ये मिळून सुमारे सव्वा क्विंटल लागतात. तूर पिकवणारी अनेक कुटुंबे देणी भागवण्यासाठी सगळा माल विकतात आणि पुढे चढ्या भावाने पाव-पाव किलो डाळ विकत घेतात. वरण मग पातळ होत जाते. धुऱ्यावर अंबाडी, दोन तासे ज्वारी, थोडे जवस आणि घरापुरती तूर राखून ठेवणे, हा या भागातील सकस आहाराचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

भावनांचे ताट

अन्नाशी माया, मान आणि रुसवाही जोडलेला असतो. संत एकनाथांच्या एका प्रसिद्ध भारुडात सून भवानीआईला रोडग्याचा नवस बोलते, तो सासरच्या माणसांच्या काचातून सुटण्यासाठी. भारुडाचा गाभा आध्यात्मिक असला, तरी नवसाला आधार आहे तो चुलीपाशी राबणाऱ्या बाईच्या मनःस्थितीचा. कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटे शिदोरी बांधून रानात जाणाऱ्या आणि सांजेला परतून पुन्हा चूल पेटवणाऱ्या बाईला सकस पाककृतींची यादी देणे म्हणजे तिच्या कामात भर घालणे होय. सर्वांना वाढून शेवटी बसायचे आणि उरले त्यात भागवायचे, ही रीत अनेक घरांत अजूनही आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. वरणावर लिंबू पिळणे, जेवणाला लागून चहा न घेणे, मटकी मोड आणून खाणे यांमुळे अन्नातील लोह शरीराला अधिक मिळते. पण वरणच तिच्या वाट्याला आले नाही, तर या युक्त्या निरुपयोगी ठरतात. रक्तक्षय झालेला असल्यास आहाराबरोबर वैद्यकीय तपासणी आणि औषधही आवश्यक असते.

नापिकी, कर्ज आणि आजारपण यांच्या छायेत असलेल्या घरात जेवणाची वेळ प्रथम विस्कटते. कोणी उपाशी झोपते, कोणी चहा-बिस्किटांवर दिवस काढते. पाहुण्याला गोड आणि लेकराला पाकीटबंद खाऊ देण्यात माया असते; ती नाकारून सवय बदलत नाही. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, ज्वारीच्या लाह्या किंवा रविवारी घरीच भाजलेली नानकटाई अशी पर्यायी माया द्यावी लागते. मीठ आणि साखर थोडी-थोडी कमी केली, की काही आठवड्यांत जीभ त्या चवीला सरावते. एकदम बंद केली तर म्हातारी माणसे ताट सारतात.

रोडगे भाजायला पुरुष निखाऱ्याशी बसतात, ही रीत पंगतीपुरती न ठेवता रोजच्या चुलीपर्यंत आणणे शक्य आहे. भाकऱ्या एकाने थापाव्या, भाजी दुसऱ्याने चिरावी आणि सर्वांनी एकाच वेळी बसावे. त्यासाठी नवे धान्य, नवे भांडे किंवा जादा पैसा लागत नाही आणि घरातील सर्वांत थकलेल्या व्यक्तीच्या ताटातही घट्ट वरण पडते.