कापूसतळणीचे स्टेशन

सुर्जी-अंजनगावचा १८०३ चा तह आपण शाळेत पाठ केला. जवळच्याच कापूसतळणीच्या स्टेशनाचा धडा मात्र पुस्तकात नव्हता. आता तिथे गाडी येत नाही, म्हणून तो इथे मांडते.

आपली ‘शकुंतला’ म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा मार्ग. किलिक निक्सन ही मुंबईची ब्रिटिश पेढी तिचा कारभार पाहत असे. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, ११३ किलोमीटर. दुसरा आपल्याकडून अचलपूरला, ७६ किलोमीटर. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरापर्यंत आणि तिथून इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोचवणे, हा मूळ हेतू. नावातच कापूस असलेले गाव या मार्गावर शोभूनही दिसे.

इंजिनीअर म्हणून मला पहिली अडचण दिसते ती रुळांच्या रुंदीत. आपले रूळ अडीच फुटी, मुंबईकडे जाणारे साडेपाच फुटी. अरुंद मार्ग स्वस्तात झाला, पण मूर्तिजापूरला माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. पुढे ट्रक दारातून माल उचलून थेट नेऊ लागले, तेव्हा या चढ-उताराचा हिशेब जमेना.

दुसरी अडचण मालकीची. १९५१ च्या राष्ट्रीयीकरणातून ही कंपनी वगळली गेली. ‘शकुंतला अजून इंग्रजांचीच’ असे आपण चवीने सांगतो. पण किलिक निक्सन केव्हाच भारतीय मालकीची झाली होती. प्रश्न इंग्रजांचा नव्हताच. रूळ कंपनीचे, गाडी मध्य रेल्वेची. मग नव्या रुळांवर पैसा कोणी घालायचा?

मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले झेडी इंजिन १९२३ पासून इथे धावले. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेल आले. तेव्हा आपल्यातले बरेच जण शाळेतच होते. शेवटी शेवटी मोजकी माणसेच तिकिटे, सिग्नल, डबे जोडणे-सोडणे सारे सांभाळत. गाडी रखडत चाले, पण भाडे कमी होते. ती बंद झाल्याचा भुर्दंड पडला तो गरीब प्रवाशालाच.

ब्रॉडगेजची मागणी जुनी आहे आणि ती पूर्ण व्हायलाच हवी. पण तेव्हा हे रूळ उखडले जातील. त्याआधी ज्यांच्या घरी जुनी तिकिटे, फोटो किंवा या गाडीच्या आठवणी सांगणारे आजी-आजोबा असतील, त्यांनी ते सारे टिपून शाळेच्या ग्रंथालयात द्यावे. आठवणी टाइप करून नीट लावून ठेवण्याचे काम मी करीन.