पाय नव्हते, की आपण हरवले? उत्खननातले रोजचे निर्णय आणि इनामगाव

परवा प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या एका ज्युनियरने विचारलं, "ताई, उत्खननावर दिवसभर नेमकं करता काय? रोज काही सापडतं का?" रोज सापडते ती माती आणि खापरं. बाकी दिवस जातो निर्णय घेण्यात. आज त्याबद्दलच बोलू या.

मी मूळची रसायनशास्त्राची. एम.एस्सी.ला सवय अशी, की प्रयोग फसला तर उद्या पुन्हा लावायचा. उत्खननात ही सोय नाही. जो थर खणला तो कायमचा गेला. उरतात फक्त वस्तू, नमुने आणि आपल्या नोंदी. म्हणून इथला प्रत्येक छोटा निर्णय महागात पडू शकतो.

उदाहरण म्हणून इनामगाव घेऊ. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी हे गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे बारा हंगाम उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावं. साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची ही वस्ती.

पहिला निर्णय असतो खोल जायचं की पसरत जायचं. जोर्वे (१९५०-५१) आणि नेवासा (१९५४-५६) या आधीच्या उत्खननांमधून महाराष्ट्रातल्या संस्कृतींचा क्रम बराचसा हाती आला होता. आधी काय, नंतर काय, हे उभ्या खड्ड्यातून कळतं. पण अरुंद खड्ड्यात अख्खं घर मावत नाही, गाव तर दूरच! इनामगावला शेजारशेजारचे चौकोन उघडून आडवं उत्खनन केलं गेलं आणि शंभराहून जास्त घरांचे अवशेष मिळाले. घरं, चुली, बळद, धान्य साठवायचे खड्डे हे सगळं एकमेकांच्या संदर्भात दिसू लागलं. याची किंमत म्हणजे वर्षानुवर्षांचं काम. शिवाय वरचं घर नीट जपायचं तर त्याच्या खाली काय आहे ते बघता येत नाही आणि खाली जायचं तर वरचं घर काढावं लागतं. दोन्ही एकदम मिळत नाही.

आता रोजचं काम. सकाळी आधी खुंट्या आणि सुतळी तपासायची. कोवळ्या, तिरप्या उन्हात मातीतले फरक चांगले दिसतात, म्हणून पृष्ठभाग खरवडून साफ करायचा आणि हलकं पाणी शिंपडायचं. ओल्या मातीत रंग उठून दिसतो. कुठे राखाडी गोल दिसला, तर तो खांबाचा खळगा असेल, उंदराचं बीळ असेल किंवा नंतरच्या लोकांनी खणलेला खड्डा असेल. खड्डा असेल तर त्यातली माती आधी, वेगळी काढायची. कारण तो वरून खाली घुसलेला असतो आणि त्यातल्या वस्तू आजूबाजूच्या थरापेक्षा नंतरच्या असतात.

इथेच मी एकदा चुकले. पहिल्याच हंगामात दुपारच्या उन्हात एका खड्ड्याची कड मला दिसलीच नाही. आमच्याबरोबर काम करणारे गावातले एक काका म्हणाले, "मॅडम, इथं कुदळ वेगळी लागतीय, माती भुसभुशीत हाय." मी म्हटलं, चालू द्या. तासाभराने कड दिसली, तोवर दोन घमेली खापरं एकत्र झाली होती. ती पिशवी आम्ही 'मिश्र' म्हणून नोंदवली, म्हणजे कालक्रमासाठी बाद. लाज वाटली, पण तसं लिहिणं भाग होतं. न लिहिता थराच्या पिशवीत टाकली असती, तर चूक माझी आणि निष्कर्ष दुसऱ्या कुणाचा तरी बिघडला असता.

एवढ्या काटेकोरपणाचा उपयोग काय? इनामगावचीच दफनं बघा. लहान मुलांना दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरलेलं होतं. प्रौढांच्या सांगाड्यांना मात्र घोट्याखालचे पाय नव्हते. आता 'नसणं' हा पुरावा कधी ठरतो? नंतरच्या खड्ड्याने पाय कापले गेले असतील, हाडं कुजली असतील किंवा खणताना आपणच गमावली असतील. पुरल्याचा खड्डा अखंड होता, बाकीची हाडं जागेवर होती, अशी नोंद असेल तरच पाय मुद्दाम तोडले होते असं म्हणता येतं. आणि तेच पुन्हा पुन्हा दिसलं, तर ती प्रथा म्हणून पुढे येते. मग अपवादही बोलू लागतो. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला पुरुष मिळाला, आणि त्याचे पाय शाबूत होते. ढवळीकरांनी त्याचा संबंध गावप्रमुखाशी जोडला.

पुढच्या काळात आयताकृती घरांच्या जागी लहान गोल झोपड्या वाढल्या. त्याचा अर्थ ढवळीकरांनी कोरडं होत गेलेलं हवामान आणि आलेली गरिबी असा लावला. गावप्रमुख काय किंवा हवामान काय, दोन्हींवर नंतरच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं, की त्यांना शंका घेता आली. १९८८ साली आलेल्या अहवालात घरं, दफनं, धान्य, हाडं यांचे तपशील सविस्तर दिलेले आहेत. निष्कर्ष पटला नाही तरी पुरावा वापरता येतो.

तेव्हा तयारी करताना कुठलाही उत्खनन अहवाल हातात घेतलात, तर थेट शेवटच्या प्रकरणावर उडी मारू नका. आधी खड्ड्यांचा नकाशा बघा: किती भाग उघडला आणि किती तसाच ठेवला? मग थरांचं उभं रेखाटन बघा: खड्डे कुठून कापले आहेत? आणि लेखकाने 'इथे खात्री नाही' असं कुठे लिहिलंय, ते शोधा. तसं एकदाही लिहिलेलं नसेल, तर तो अहवाल जरा जपून वाचा.

आणि साइटवर गेलात, तर कुदळ चालवणाऱ्या काकांचं ऐका.