अ‍ॅम्प्लिफायरमागचे 4, 8, 16 ओहम: भोंगा नेमका कुठे जोडायचा?

नांदेड जिल्ह्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा असो की लातूरची सिद्धेश्वर यात्रा, गर्दीत मूल हरवल्याची सूचना शेवटच्या भोंग्यापर्यंत पोचली पाहिजे. ते बरेचसे अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या जोडणीवर ठरते.

4, 8, 16 म्हणजे काय?
ही आतल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरची टोके आहेत. स्पीकरचा एकूण भार जितक्या ओहमचा, त्याच टोकाला आणि ‘कॉम’ला तार जोडायची. 8 ओहमचे दोन स्पीकर पॅरलल जोडले की भार 4 ओहम होतो, सिरीजमध्ये जोडले की 16.

चुकले तर?
8 च्या टोकाला 4 ओहमचा भार दिला, तर करंट वाढून ट्रान्झिस्टर जळू शकतात. 16 चा दिला, तर आवाज कमी येतो. जुना व्हॉल्व्हचा सेट किंवा गिटारचा ट्यूब अ‍ॅम्प मात्र स्पीकर न जोडता कधीच वाजवू नका. व्होल्टेज उसळून ट्रान्सफॉर्मर निकामी होऊ शकतो.

भोंगे लांब असतील तर?
100 व्होल्टची लाइन वापरा. इथे प्रत्येक भोंग्याला स्वतःचा लाइन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि ओहमऐवजी वॅटची बेरीज करतात: 100 वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरवर 25 वॅटचे चार भोंगे.

फायदा किती? तारेचा रोध 2 ओहम असेल, तर 4 ओहमच्या जोडणीत एक-तृतीयांश शक्ती तारेतच जाते. 100 वॅटच्या 100 व्होल्ट लाइनवर जेमतेम 2 टक्के.

लक्षात ठेवा: जोडणी बदलण्याआधी अ‍ॅम्प्लिफायर बंद करा.