रिपोर्ट क्लिअर, पण गाठ हाताला लागतेय?

"मॅमोग्राफी क्लिअर आली, आता काळजी नाही." उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या किती घरांत हे वाक्य बोललं जातं! म्हणून थोडा इतिहास.

१८९५ मध्ये राँटगेनने क्ष-किरण शोधले. १९१३ मध्ये बर्लिनचा सर्जन आल्बर्ट सालोमन याने ऑपरेशनमध्ये काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांचे एक्स-रे अभ्यासले. मॅमोग्राफीची मुळं तिथली.

पण एक्स-रेला कॅन्सर ओळखता येत नाही. त्याला फक्त दाट आणि विरळ यातला फरक कळतो. तरुण बाईच्या स्तनात ग्रंथी दाट असतात, त्या फोटोत पांढऱ्या दिसतात. गाठही पांढरीच, मग ती त्यात लपते. पेट स्कॅनचं उलटं आहे. जिथे पेशी जास्त साखर ओढतात ती जागा उजळते, आणि टीबीची गाठही तशीच उजळते. आपल्याकडे टीबी किती, हे सांगायला नको.

आता मुंबईकडे या. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ चं. मशीन आणि तज्ज्ञ घरोघरी पोचणार नाहीत, हे ओळखून टाटाने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर बायका त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. निकाल २०२१ मध्ये 'बीएमजे'त आला. पुढच्या टप्प्यातले कॅन्सर तपासणी झालेल्या गटात ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र तसा फायदा दिसला नाही. म्हणजे हातालाही मर्यादा आहेतच.

मग करायचं काय? हाताला गाठ लागत असेल तर नुसत्या क्लिअर मॅमोग्राफीवर थांबू नका. डॉक्टरांना दाखवा, सोनोग्राफीचं आणि सुईने तुकडा काढून तपासायचं विचारा. गाठ कसली आहे, हे शेवटी तो तुकडाच सांगतो.

आणि एक. ३० ते ६५ वयाच्या बायकांची ही हाताने तपासणी सरकारी केंद्रांत व्हावी, असं केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. आपल्या वॉर्डात ती कुठे आणि कोणत्या वारी होते? नगरसेवकाला विचारा. गाठ मोठी झाल्यावर परळची लोकल पकडण्यापेक्षा हा प्रश्न आधी विचारलेला बरा.