इचलकरंजी आणि मालेगाव : श्रम व उत्पादकता

यंत्रमागाच्या नगरांची तुलना बहुधा दर कामगारामागे निघणाऱ्या कापडाच्या लांबीवरून केली जाते. हे माप अपुरे आहे. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने पहिला यंत्रमाग बसविला. मालेगावात १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांचा हातमाग रुजला. यंत्रमाग पुढे आला. कालांतराने इचलकरंजीत धोट्याविना चालणारे वेगवान माग वाढले, मालेगावात साधेच बहुसंख्य राहिले. साध्या मागावर कांडी संपताच विणकाम थांबते. मजुरी मात्र विणलेल्या कापडावरच ठरते. म्हणून कमी उत्पादन हा आळसाचा पुरावा ठरत नाही; यंत्राच्या मागासलेपणाची किंमत तेथे विणकर आपल्या मजुरीतून मोजतो.