कॅनडाच्या दारातून परतलेले जहाज

'कोमागाटा मारू' हे जपानी जहाज २३ मे १९१४ रोजी कॅनडातील व्हँकूव्हर बंदरात दाखल झाले. त्यावर ३७६ भारतीय प्रवासी होते. त्यांत ३४० शीख, २४ मुसलमान व १२ हिंदू होते. हे सर्वजण ब्रिटिश प्रजाजन होते आणि कॅनडाही ब्रिटिश साम्राज्याचाच घटक होता. तरीही बहुतेकांना किनाऱ्यावर पाऊल ठेवू देण्यात आले नाही.

या नकाराच्या मुळाशी १९०८ मधील 'अखंड प्रवासा'चा नियम होता. आपल्या जन्माच्या वा नागरिकत्वाच्या देशातून, तेथेच काढलेल्या तिकिटावर आणि प्रवास खंडित न करता येणाऱ्यासच कॅनडात प्रवेश मिळत असे. नियमात भारतीयांचा उल्लेख कोठेही नव्हता. परंतु भारतातून कॅनडाला थेट जाणारी जहाजसेवाच उपलब्ध नसल्याने तो पाळणे त्यांना अशक्य होते. शिवाय जवळ २०० डॉलर असण्याची अटही होती.

या निर्बंधांना आव्हान देण्यासाठी व्यापारी गुरदित सिंग यांनी हे जहाज भाड्याने घेतले. ते हाँगकाँगहून ४ एप्रिलला निघाले व शांघाय, योकोहामामार्गे व्हँकूव्हरला आले. तेथे ते दोन महिने अडकून पडले. अन्नपाण्याची टंचाई भासू लागली. स्थानिक भारतीयांनी वर्गणी गोळा करून न्यायालयीन लढा दिला. परंतु मुन्शी सिंग या प्रवाशाच्या दाव्यात अपील न्यायालयाने जुलैमध्ये विरुद्ध निर्णय दिला. १९ जुलैला जहाजावर चढू पाहणाऱ्या पोलिसांवर प्रवाशांनी कोळशाचा मारा केला. त्यानंतर 'रेनबो' ही युद्धनौका आणण्यात आली. अखेर २३ जुलैला जहाज परत फिरले. पूर्वीपासून कॅनडात राहणाऱ्यांसह जेमतेम वीस-बावीस जणांनाच प्रवेश मिळाला होता.

मायदेशीही त्यांचे स्वागत झाले नाही. २९ सप्टेंबरला कलकत्त्याजवळील बजबज येथे प्रवाशांना सक्तीने पंजाबच्या रेल्वेगाडीत बसविण्याच्या प्रयत्नातून संघर्ष उद्भवला आणि पोलीस व सैन्याच्या गोळीबारात सुमारे वीस प्रवासी मृत्युमुखी पडले. या घटनेने गदर चळवळीला बळ मिळाले.

अखंड प्रवासाचा नियम १९४७ मध्ये रद्द झाला. १८ मे २०१६ रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी कॅनडाच्या संसदेत या प्रकरणी माफी मागितली. कायद्यात कोणत्याही वंशाचे नाव न घेता त्याला सीमेवर कसे रोखता येते, याचे हे ठळक उदाहरण मानले जाते.