वचन आणि स्वामित्व : साठेखतापासून खरेदीखतापर्यंत

जे दिलेले नाही ते घेऊ नये, हा अदत्तादान-विरमणाचा आशय जैन गृहस्थाच्या व्यवहाराचा पाया मानला गेला आहे. परंतु एखादी वस्तू 'दिली' असे नेमके केव्हा म्हणावे? देण्याचे ठरले तेव्हा, की प्रत्यक्ष दिली तेव्हा? मालमत्तेच्या कायद्याचा इतिहास बहुतांशी याच प्रश्नाभोवती फिरत आला आहे.

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचे उत्तर पाण्याच्या धारेने दिले होते. कोल्हापूर येथील शिलाहार नृपती विजयादित्याच्या शके १०६५ (इ. स. ११४३) च्या शिलालेखात जिनमंदिराची पूजा, जीर्णोद्धार व मुनींचा आहार यांसाठी जमीन दिल्याची नोंद आहे. माणिक्यनंदी पंडितांचे पादप्रक्षालन करून, उदकधारा सोडून हे दान देण्यात आले. मनातील संकल्प दात्यास बांधून ठेवी. स्वामित्व मात्र उदक सोडल्यावरच जाई. सर्वांसमक्ष केलेली ही कृती पुढे शिळेवर कोरली जाई, ती पुढील पिढ्यांना साक्ष राहावी म्हणून.

इंग्रजी अमलात उदकाची जागा नोंदणीकृत दस्ताने घेतली. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम मुंबई इलाख्यास १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. इंग्लंडमधील न्यायपरंपरेत जमीन विक्रीचा करार होताच खरेदीदाराचा त्या जमिनीत एक प्रकारचा न्याय्य हक्क मानला जाई. फ्रान्सच्या १८०४ च्या दिवाणी संहितेने तर उभयपक्षी संमती हेच स्वामित्व-संक्रमणाचे कारण मानले. भारतीय अधिनियमाने यांपैकी कोणताही मार्ग स्वीकारला नाही. विक्रीच्या कराराने, म्हणजे साठेखताने, मालमत्तेत कोणताही हक्क अथवा बोजा आपोआप निर्माण होत नाही, असे कलम ५४ ने स्पष्ट केले. शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच पूर्ण होते.

तथापि साठेखत निरर्थक ठरत नाही. अधिनियमाच्या कलम ४० मध्येच एक उदाहरण आहे. 'अ' ने सुलतानपूर नावाची मालमत्ता 'ब' ला विकण्याचा करार केला आणि तो करार अमलात असताना, त्याची माहिती असलेल्या 'क' ला ती विकून टाकली. अशा वेळी 'ब' आपला करार 'क' विरुद्धही बजावून घेऊ शकतो. जिनालयात बोललेल्या बोलीची या स्थितीशी सहज तुलना होते. रक्कम पेढीवर जमा होण्यापूर्वीच बोली बोलणारा श्रावक तिच्या ऋणात असतो. रक्कम अद्याप संघाच्या हाती नसते, पण वचन मोडण्याची मुभाही त्यास नसते.

करारावर विसंबून ताबा घेतलेल्या खरेदीदाराच्या संरक्षणासाठी १९२९ मध्ये कलम ५३-अ घालण्यात आले. हे संरक्षण बचावापुरते आहे. त्याने मालकी मिळत नाही. २००१ च्या दुरुस्तीने त्यासाठीही साठेखताची नोंदणी आवश्यक केली. पुढे २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने साठेखत, कुलमुखत्यारपत्र व मृत्युपत्र यांच्या आधारे होणाऱ्या व्यवहारांनी स्वामित्व जात नाही, असा निर्वाळा दिला. पैसा दिला, ताबा घेतला, परंतु खरेदीखत राहून गेले, अशा असंख्य कुटुंबांना या निर्णयाने जागे केले.

धर्मसंस्थांच्या बाबतीत ही दक्षता अधिकच आवश्यक आहे. सभेत टाळ्यांच्या गजरात जाहीर झालेले भूखंडाचे दान कितीही भावपूर्ण असले तरी कलम १२३ प्रमाणे स्थावराच्या बक्षिसास नोंदणीकृत बक्षीसपत्र व किमान दोन साक्षीदार लागतात. दात्याच्या पश्चात वारसांचे मन बदलले, तर सभेची आठवण न्यायालयात फारशी उपयोगी पडत नाही. सात-बारा उतारा ही महसुली नोंद आहे. तो स्वामित्वाचा दस्त नव्हे, याचाही अनेकांस विसर पडतो.

देताना घ्यावयाची काळजी १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने सांगितली. न्यासाच्या स्थावराची विक्री, अदलाबदल अथवा बक्षीस, तसेच शेतजमिनीचा दहा वर्षांहून आणि बिगरशेती जमिनीचा वा इमारतीचा तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा यांसाठी धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीचा दंडक त्यातील कलम ३६ ने घातला. या अधिनियमास एका जैन मंदिराच्या व्यवस्थापकांनीच आव्हान दिले होते. रतिलाल पानाचंद गांधी या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या प्रकरणात १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्माचरणाचे स्वातंत्र्य व मालमत्तेचे प्रशासन यांत भेद केला. प्रशासनाचे नियमन शासनास करता येईल. परंतु धर्माच्या बाबतींत हस्तक्षेप करता येणार नाही, असे ठरले आणि अधिनियमाच्या काही तरतुदी रद्द झाल्या.

विश्वस्त हा मालमत्तेचा उपभोक्ता नव्हे, रक्षक आहे. शिलाहारकालीन दात्याने उदक सोडूनच समाधान मानले नाही. त्याने ते शिळेवर कोरून ठेवले. म्हणूनच आठ शतकांनंतरही त्याचे दान वाचता येते. आजचे खरेदीखत व बक्षीसपत्र हाच आपला शिलालेख होय. तो वेळेवर कोरला गेला, तरच दात्याचे वचन पूर्ण होते आणि संस्थेने घेतलेले खऱ्या अर्थाने 'दिलेले' ठरते.